थुमरंगची भरलेली लाईन

‘किन्नौर,’ गॅलरीत फेऱ्या मारत मेघा परीक्षेसाठी मोठ्याने घोकत होती, ‘क्षेत्रफळ सहा हजार चारशे एक चौरस किलोमीटर. मुख्यालय रेकाँगपिओ. पूर्वेला तिबेट. लोकसंख्येची घनता तेरा.’ एक श्वास, आणि पुन्हा पहिल्यापासून, ‘किन्नौर, क्षेत्रफळ...’ खाली अंगणात सुपडू पाटील नळाला रबरी नळी जोडून टाकीपाशी बसला होता. पिंप्राळ्यात त्यांच्या गल्लीला दोन दिवसांआड पाणी येतं, आणि ते रविवारी आलं तर भरायचं काम सुपडूचं, हा घरचा नियम. हे काम तो पूजेला बसल्यासारखं करतो. पेपर वाचत नाही, फोन घेत नाही. टाकी काठाला चार बोटं राहिली की नळी बादलीत, बादली भरली की पिंपात, पिंप भरलं की तुळशीला, आणि मग शेजारच्या चारुलताताईंना हाक. वीस वर्षांत त्याच्या हातून थेंब वाया गेलेला नव्हता. गल्लीतली पोरं त्याला मागून मीटरकाका म्हणतात हेही त्याला ठाऊक होतं, आणि त्याचं त्याला मनातून बरंच वाटायचं. तर त्या रविवारी टाकी भरली, काठावरून पाणी उतरलं, फरशीवर पसरलं, त्याच्या पायांखालून फाटकाकडे गेलं आणि गटारीत पडायला लागलं, तरी सुपडू तसाच बसलेला. ‘अहो!’ स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारिका ओरडली. ‘झोपले की काय? गल्लीभर पाणी चाललं ना!’ तो दचकून उठला आणि नळी बादलीत घातली. ती बादली त्याने आधीच भरून ठेवलेली होती.

तेरा. म्हणजे एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशी जागा घ्यायची आणि तिच्यात तेरा माणसं उभी करायची. जळगाव जिल्ह्याची घनता तीनशे साठ, हे मेघाच्या घोकण्यामुळे त्याला केव्हाच पाठ झालं होतं, आणि त्या आकड्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. तेरा म्हटल्यावर मात्र आकडा दिसेना, माणसंच दिसायला लागली. हिरव्या पट्टीची टोपी घातलेले छेरिंग नेगी, त्यांची मुलगी सनम, खालच्या घरातली आंधळी म्हातारी जी नुसत्या पावलांवरून कोण आलं ते सांगायची, फौजेतून परतून दुकान घातलेला आणि दुकानापेक्षा उन्हात जास्त बसणारा बलवंत, भिंती रचणारे दोघे भाऊ, देवळातला लामा, त्याची सारखी भांडणारी बहीण. मोजत मोजत तो बारापर्यंत आला आणि थांबला. तेरावा तो स्वतः होता. दोन हंगाम त्या तेरांत आपली गणती होती, असं त्याच्या मनात आलं आणि सारिकाने पुढे केलेला चहाचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला.

घरात या गोष्टीला फारशी किंमत नव्हती. पप्पा लग्नाआधी कंपनीच्या कामाला हिमाचलला होते, एवढं मेघाला माहीत होतं; सारिकाला त्याहून एक वाक्य जास्त, की तिथे बर्फ असतं. कपाटात त्या दिवसांचा एक फोटो होता, त्यात सुपडू दोन स्वेटर घालून गुडघाभर रोपापाशी उभा आहे आणि डोळे मिटलेले आलेत. कोणी विचारलंच तर तो म्हणायचा, ‘कामाला गेलतो, काम झालं, आलो.’ आणि विषय पाईपच्या भावावर नेऊन ठेवायचा. अकरा वर्षांपूर्वी कंपनीने पुन्हा तिकडे माणसं पाठवायची काढली तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा त्यालाच विचारलं होतं. तो गुडघे दुखतात म्हणाला. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. खरं तर त्या आठवड्यात तो बसायला लागला की उठत नव्हता आणि उठला की बसत नव्हता, आणि यादीत दुसऱ्याचं नाव लागल्यावर गोदामामागे जाऊन एकटाच उभा राहिला होता. जावंसं वाटणं आणि जाता न येणं यांची त्याला इतकी सवय झाली होती, की लोकांना ॲसिडिटी असते तशी आपल्याला ही आहे, असंच तो धरून चालला होता.

तो तिथे गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या आधीची दोन भावंडं जन्मली आणि गेली, म्हणून हा झाल्याबरोबर आईने, भागाबाईने, त्याला सुपात घातला, आणि सुपात घातला म्हणून सुपडू. पारोळ्याकडच्या त्यांच्या गावात प्रत्येक गल्लीत एखादा सुपडू असायचा, त्यामुळे आपल्या नावात काही सांगण्यासारखं आहे हे त्याला हिमाचलातल्या रामपूरच्या पुढे गेल्यावर कळलं. रामपूर मागे पडलं की रस्ता डोंगराच्या अंगात कोरलेला. एका बाजूला डोक्यावर टेकलेला खडक, दुसऱ्या बाजूला खाली, फार खाली, राखेच्या रंगाची सतलज. आपल्याकडे सातपुडा दिसतो तो लांबून, निळसर, शेताच्या कडेला कोणी निवांत आडवं व्हावं तसा. हे डोंगर निवांत नव्हतेच. ते सरळ उभे होते, त्यांच्यावर गवताची काडी नव्हती आणि त्यांच्यावरून दगड आपले आपण सुटून खाली यायचे. पहिले चार दिवस सुपडूला वाटायचं की आपण चुकून कोणाच्या तरी खासगी जागेत शिरलोय. मग रेकाँगपिओ, मग कागद दाखवायची चौकी, मग फौजेच्या गाड्यांमागे धूळ खात आणखी अर्धा दिवस, आणि मग वळणावर एकदम जर्दाळूची झाडं, सपाट मातीच्या छपरांवर वाळत घातलेली केशरी फळं, आणि थुमरंग. पलीकडचा डोंगर उतरलं की तिबेट, असं बलवंत हाताने दाखवायचा, जसं आपण पलीकडे पाचोरा म्हणतो तितक्या सहज.

पावसाळा त्या गावात पोचतच नव्हता. ढग खालच्या खालीच अडायचे. जे काही पाणी ते वरच्या बर्फाचं, दगडी पाटातून पाळीपाळीने घरोघर फिरवलेलं, आणि कोणाची पाळी कधी हे कागदावर कुठेच नाही, सगळ्यांच्या डोक्यात. नेगींनी साठी ओलांडल्यावर वरच्या उजाड उतारावर सफरचंदाची चारशे रोपं लावली होती, तिथवर पाट चढत नव्हता, आणि म्हणून कंपनीने तिथे ठिबकचा पहिला प्रयोग घेतला. जळगावहून पाईप निघाले आणि पाईपबरोबर सुपडू निघाला. त्याचं सामान, त्याचं जेवण, त्याचं झोपणं नेगींच्या घरात. मधोमध लोखंडी शेगडी, तिच्याभोवती सगळे. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणत्या नावाने हाक मारायची ते कळेना म्हणून त्याच्या तोंडून आबा निघून गेलं. मग सुपाची गोष्टही सांगितली. म्हातारा खूप वेळ हसला आणि मग उठून कोपऱ्यातलं आपल्या घरचं सूप घेऊन आला, त्यात सुपडूचा हात धरून ठेवला आणि म्हणाला, ‘लो बेटा, अब यहाँ के भी हो गए.’ थट्टाच होती ती. पण सुपडूने ती थट्टा म्हणून घेतली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सनम त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. ती बोलायची कमी, आणि बोलायची तेव्हा कामाचं. चर खोदताना सुपडू दम लागून खाली बसला की ती त्याच्या हातातली कुदळ घेऊन पुढचे दहा हात खोदून टाकायची आणि कुदळ परत द्यायची, चेहऱ्यावर काही नाही. थंडीने त्याच्या हातांना भेगा पडल्या तेव्हा तिने जर्दाळूच्या बियांचं तेल बाटलीत भरून त्याच्या उशाशी ठेवलं. कडवट, गोडसर, डोक्यात जाणारा वास. त्यांच्यात दुसरं काही झालं नाही, कोणी कोणाला काही म्हटलं नाही. पण अजूनही कधी आंघोळीनंतर सारिका बदामाचं तेल लावायला घेते आणि सुपडू उठून अंगणात जातो. सारिकाला वाटतं त्याला तो वास आवडत नाही.

आईला तो आठवड्यातून एकदा बलवंतच्या दुकानातून फोन लावायचा. गावच्या टेलिफोन बूथवर भागाबाई ताटकळत बसलेली असायची आणि फोन उचलल्या उचलल्या एकच विचारायची, ‘सुपडू, तठे पानी शे का रे?’ जेवलास का नाही, थंडी किती नाही. ‘बठ्ठं पानीच शे माय, डोंगरवर गोठेल शे,’ तो सांगायचा. एवढं पाणी आणि तेही गोठलेलं, हे तिच्या डोक्यात बसत नसावं. ‘सांडू नको बरं, भाऊ,’ असं म्हणून ती फोन ठेवायची. तो सात वर्षांचा असताना, चैत्रात, विहिरीच्या तळातून वाटीवाटीने भरून आणलेली हंडी त्याच्या धक्क्याने उंबऱ्यात कलंडली होती. मार पडेल म्हणून तो भिंतीला चिकटून उभा राहिला. आईने मारलं नाही. ती खाली बसली, तिने पदर ओल्या जमिनीवर दाबून धरला आणि तो हंडीत पिळला, पुन्हा दाबला, पुन्हा पिळला. हंडीत मातकट असं पेलाभर पाणी जमलं. माराने तो कदाचित ते विसरला असता.

आणि ऑक्टोबरात, दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, आबा म्हणाले, ‘बेटा, सर्दी आ गई. टंकी और लाइन, सबका पानी निकाल दो. जम जाएगा.’ दोघे वर गेले. वरच्या सिमेंटच्या टाकीत चाळीस हजार लिटर पाणी होतं, बारा दिवस लागले होते ती भरायला, आणि तळापर्यंत दिसेल इतकं स्वच्छ. सुपडूने शेवटचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी दगडांवर आदळलं आणि उताराने पळत सुटलं. तिकडे कोणी नव्हतं. गाय नव्हती, रोप नव्हतं, बाई नव्हती, डबा घेऊन आलेलं पोर नव्हतं. नुसते दगड आणि खाली सतलज, जिला या पाण्याची काही गरज नव्हती. त्याने मोजून अर्धं मिनिट पाहिलं असेल. मग त्याचा हात पुढे झाला आणि त्याने व्हॉल्व्ह बंद केला. आपण काय करतोय हे त्याला नीट कळत होतं. बर्फात पाईप फुटतो हे त्याने वाचलं होतं, त्याला सांगून पाठवलं होतं, शिवाय शेजारी सत्तरीकडे झुकलेला माणूस उभा राहून तेच सांगत होता. तरी हात ऐकेना. ‘पाइप मजबूत है, आबा,’ तो म्हणाला. ‘कुछ नहीं होगा. मार्च में आऊँगा तो पानी तैयार मिलेगा.’ आबांनी त्याच्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. ‘तुम्हारा काम है,’ ते म्हणाले, ‘तुम जानो.’ त्या गावात रीत अशी होती की भिंत असो वा पाट, ज्याने बांधलं त्याचा शब्द त्यावर शेवटचा. तो गावात नसला तरी त्याच्या मागे त्याच्या कामाला कोणी हात लावायचा नाही. सुपडूला ही रीत माहीत होती. दोन दिवसांनी तो निघाला तेव्हा सनम गाडीपर्यंत आली आणि ‘मार्च में,’ एवढंच म्हणाली.

मार्चमध्ये रस्ता उघडला नाही, आणि एप्रिलमध्ये उघडला तेव्हा रामपूरहून फोन आला की थुमरंगची लाईन वरपासून खालपर्यंत उभी चिरली आहे, टाकीची भिंत गेली आहे. कंपनीने खुलासा मागितला. सुपडू नुकताच कायम झाला होता, वैशाखात सारिकाशी लग्न ठरलेलं, वडील लोटनभाऊ अख्ख्या गावाला सांगत सुटलेले की पोरगा कंपनीत परमनंट. साहेब वाईट नव्हते; त्यांनी सरळ विचारलं, ‘पाणी काढायला सांगितलं होतंस ना त्यांना?’ प्रश्नातच उत्तर होतं. सुपडूने टेबलावरचा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की हिवाळ्यापूर्वी लाईन रिकामी करण्याची सूचना शेतकऱ्याला दिली होती, ती पाळली गेली नाही. एक वाक्य. खाली सही, तारीख. लिहिताना एक अक्षरही खोडावं लागलं नाही याचं त्याला आजही आश्चर्य वाटतं. जो हात पाणी सोडायला तयार नव्हता तोच हात हे लिहायला बिनतक्रार तयार झाला.

पाहणीला पाचोऱ्याचा दीपक नावाचा फिटर गेला होता. परत आला तो कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर सांगायला लागला. ‘म्हातारा लई भला माणूस हो. मी विचारलं, सूचना दिली होती का? तो म्हणे, आधी कागदावर काय लिहिलंय ते वाच. मी हिंदीत वाचून दाखवलं. सुपडूभाऊ, दोन मिनिटं बोललाच नाही तो. मग म्हणे, हाँ, बताया था, मैं ही भूल गया. आणि अंगठा नाही, चांगली सही केली. आता सूचना मिळाली म्हटल्यावर पाईप बदलून कसे मिळणार? पोरगी त्याच्यावर अशी भडकली की विचारू नका. चारशे रोपं, आणि आता ती पाठीवर डबे बांधून खालून पाणी नेते, दिवसाला दहा-बारा खेपा.’ मग त्याने टेबलाखालून एक कापडी पिशवी काढली. वाळवलेले जर्दाळू आणि चिलगोज्याच्या बिया, तिकडचा सुकामेवा. ‘तुझ्या लग्नाचं मी बोलून गेलो, तर म्हाताऱ्याने दिलं. म्हणे, बेटे को दे देना.’ सुपडूने ती पिशवी घरी नेली. हळदीच्या दिवशी पाव्हण्यांत ती वाटली गेली, सासूबाईंना जर्दाळू फार आवडले, कुठे मिळतात म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. त्याने एकही तोंडात घातला नाही.

त्याने पाणी वाचवलं होतं आणि त्या वाचवलेल्या पाण्यापायी एक बाई पाठीवर पाणी वाहत होती. पुढे कितीतरी उन्हाळे, टँकरमागे धावणाऱ्या बाया दिसल्या की त्याला त्यांच्यात सनम दिसायची. पहिली दोन वर्षं त्याने मनात पत्रं लिहिली. मग वाटलं आता फार उशीर झाला, मग वाटलं ते विसरले असतील, मग मेघा झाली, शाळा, घराचं बांधकाम, आईचं आजारपण, आईचं जाणं. तो गुन्हा त्याला खात नव्हता असं नाही, पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याने कोणाला सांगितली नसती: त्याला त्या घरात परत जाऊन शेगडीपाशी बसायचं होतं. एवढंच. कोणी माफ करावं म्हणून नव्हे, तिथला मीठ-लोण्याचा खारट चहा प्यावा, आबांनी बेटा म्हणावं, बाहेर दगड सुटल्याचा आवाज यावा म्हणून. आणि ज्या माणसाने आपलं पाप मुकाट्याने आपल्या अंगावर घेतलं, त्याच्या दारात पाय कोणत्या तोंडाने ठेवायचा, हेच त्याला वीस वर्षं सुचलेलं नव्हतं.

‘पप्पा,’ मेघा खाली आली होती, पायऱ्यांवर बसून फोन बघत. ‘तुम्ही होतात ते हेच ना किन्नौर? गावाचं नाव काय म्हणालात?’ त्याने नाव म्हटलेलं नव्हतं. आता म्हटलं. किती वर्षांनी ते तोंडातून बाहेर आलं, आणि जीभ अडखळली नाही. मेघाने अंगठ्याने चार वेळा काहीतरी केलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. ‘हे बघा. वरून दिसतं.’ राखाडी, तपकिरी, सुरकुतलेलं काहीतरी, आणि त्यात एक बारीक रेघ, ती सतलज. मेघाने बोटांनी मोठं केलं. छपरं दिसली. देऊळ दिसलं. सुपडूने तिचं बोट बाजूला केलं आणि स्वतःच्या बोटाने चित्र वर सरकवलं, उताराकडे, टाकीच्या जागेकडे. बोट ओलं होतं म्हणून ते भलतीकडेच पळायला लागलं, त्याने लेंग्याला पुसलं. तिथे हिरवे ठिपके होते. रांगेत, पण रांगा सलग नव्हत्या. डावीकडचा अर्धा उतार ठिपक्यांनी भरलेला आणि उजवीकडचा अर्धा रिकामा, नुसता दगड. त्याने ठिपके मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे त्याला दिसेना. ‘रडता का पप्पा?’ मेघाने घाबरून विचारलं. ‘आई, अगं इकडे ये!’

सारिका पदराला हात पुसत आली आणि काय झालं, काय झालं करत त्याच्याजवळ उकिडवी बसली. काय सांगणार? तो म्हणाला, ‘हे माझ्यामुळे झालं,’ आणि रिकाम्या उतारावर बोट ठेवलं. त्या दोघींना दगड दिसत होते. मग त्याने सांगितलं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, व्हॉल्व्ह, कागद, दीपक, पिशवी. एका गोष्टीला वीस वर्षं लागली आणि सांगून व्हायला दहा मिनिटं. सारिकाने हात पुन्हा पदराला पुसले. ‘आम्ही ते जर्दाळू खाल्ले,’ ती म्हणाली. मग मेघा हळूच म्हणाली, ‘पप्पा, इथे एक होमस्टे दाखवतंय. सनम नेगी म्हणून. नंबर आहे.’ आणि त्याने हो-नाही म्हणायच्या आत, आजकालच्या मुलांना ज्याचा काही विचारच पडत नाही तसं, तिने तो लावून त्याच्या हातात दिला.

‘हैलो, थुमरंग होमस्टे,’ पलीकडून बाई म्हणाली. आवाज जाड झाला होता. सुपडू उभा राहिला. बसून बोलता येईना. ‘मैं जलगाँव से बोल रहा हूँ,’ तो म्हणाला, ‘सुपडू.’ वारा होता तिकडे, फोनमध्ये घुसत होता. मग ती म्हणाली, ‘पाइप वाले?’ आणि त्याने हो म्हणताच ती इतकी मोठ्याने हसली की मेघालाही ऐकू गेलं. ज़िंदा हैं, कहाँ थे, कितने बच्चे, बलवंत आपके नमकीन चाय पीने की नक़ल अब भी करता है, असं ती एका दमात बोलत राहिली. चोवीस-पंचवीस वर्षांची असताना ती दोन वर्षांत एवढं बोलली नसेल. सुपडूला वाटलं, आता इथेच थांबावं. एवढ्यावर जगता येईल. ‘आबा?’ त्याने विचारलं.

‘छह साल हो गए,’ सनम म्हणाली. ‘फरवरी में. बर्फ़ बहुत थी, चार दिन घर में रखना पड़ा.’ मग तिचा आवाज पुन्हा हलका झाला. ‘आपको बहुत याद करते थे. और मैं आपका नाम लेकर उनको बहुत छेड़ती थी. तीन साल बाद नई लाइन मिली ना हमको, तो हर अक्तूबर में मैं सबके सामने पूछती थी, पापा, इस बार तो याद है? जलगाँव वाले ने बोला था और आप भूल गए थे, दो सौ पेड़ सुखा दिए! पूरा गाँव हँसता था. उनका नाम ही पड़ गया था, भूलने वाला. वो भी हँसते थे.’

सारिका त्याच्याकडे पाहत होती. काही खूण नाही, नुसती पाहत होती. तिकडे वारा, इकडे गल्लीत भंगारवाल्याची आरोळी. नाही बोललो तर कोणाचं काय जाणार, असं त्याच्या मनात येऊन गेलं. म्हातारा गेला, झाडं गेली ती गेली, ही हसते आहे, हिला हसू द्यावं. त्याच वेळी त्याला दिसलं की आबा शेगडीपाशी बसलेत आणि सगळं गाव हसतंय आणि तेही हसताहेत, एक वर्ष नाही, दर वर्षी, आणि एकदाही मान वर करून म्हणत नाहीत की मी विसरलो नव्हतो. ‘सनमजी,’ तो म्हणाला, ‘वो भूले नहीं थे. मुझे बोले थे, पानी निकाल दो. दो बार बोले थे. मैंने वॉल्व खोला, और मैंने बंद किया. मेरे से पानी फेंका नहीं गया. फिर कंपनी में मैंने झूठ लिखा. उन्होंने मेरे लिए हाँ बोल दिया.’

फोन बंद झाला असं समजून त्याने कानापासून काढून पाहिला. सेकंद पुढे जात होते. मग पावलं ऐकू आली, एक दार, आणि वाऱ्याचा आवाज एकदम मोठा झाला, ती बाहेर आली होती. ‘वो हँसते थे,’ ती म्हणाली. ‘हर साल, मेरे साथ.’ तिला रडू येत असावं, पण ती रडली असेल तर फोन लांब धरून रडली. सुपडूने माफ करा म्हणायला तोंड उघडलं आणि ते शब्द त्याला इतके हलके वाटले की त्याने तोंड मिटलं. ‘बीस अक्तूबर के बाद पाला पड़ता है, पानी जमने लगता है,’ शेवटी ती म्हणाली, जुन्या, कामाचं बोलणाऱ्या आवाजात. ‘उससे पहले आइए. लाइन इस साल आप खाली करेंगे. पहला पानी, आख़िरी पानी, सब. मैं गाँव को ऊपर बुलाऊँगी. और जो मुझे बोला, वो वहाँ खड़े होकर सबको बोलिए. पापा के नाम से.’ आणि त्याचं उत्तर यायची वाट न पाहता तिने फोन ठेवला.

तो तसाच उभा होता. मेघाने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. ‘काय म्हणाल्या हो?’ सारिकाने विचारलं.

‘ऑक्टोबरात बोलावलंय,’ सुपडू म्हणाला. ‘लाईन रिकामी करायला. आणि खरं काय ते गावासमोर सांगायला.’